फुटतूट खाते

दिवाळखोरीच्या फर्मनं मला मोजदादीला पाठवलं
स्टोक-ऑन-ट्रेंटला, कालव्याच्या काठी.
लेदरबॅरो अँड सन्स, स्थापना १८५४.
शिल्लक माल: बेसिनं दोनशे बारा,
कमोड नव्वद, पैकी अकरा तडकलेले,
साबणदाण्या अगणित.
'अगणित' आमच्या फॉर्मवर चालत नाही,
म्हणून गुडघ्यांवर बसून मोजल्या.
चार हजार सहा.

सात पिढ्या बसून खातील, म्हणतात आपल्याकडे.
इथे चार पिढ्यांनी अर्ध्या जगाला बसवलं
आणि स्वतः उभ्यानं हिशेब लिहिला.

जेबेझनं पांढरी माती घेतली, उधारीवर.
त्याच्या पोरानं ती वाहणाऱ्या नावा घेतल्या.
नातवानं खासदार.
'घेतला' असं कोणी म्हणत नाही इथे,
'सर एनॉककडे चहाला यायचे' म्हणतात.
रेल्वेचा रूळ कारखान्यापाशी कमरेत वाकलाय,
नकाशावर अजून दिसतं, किती आदबीनं.
वाचनालय त्यांचं, तरणतलाव त्यांचा,
चॅपलच्या घड्याळात वाजणारे पहाटेचे पाच त्यांचे.
छातीच्या रोगांचा वॉर्डही त्यांनीच बांधून दिला.
रोगही तसे त्यांचेच होते.

टॅक्सीवाला डेरिक म्हणाला, आमचा आजा
त्यांची मोटार दिसली की टोपी काढायचा,
मग खोकायचा. आधी टोपी.

तिसऱ्या मजल्यावर खातेवह्या,
पाठीवर सोनेरी अक्षरं, आत उंदरांच्या लेंड्या.
मार्च १९११, फुटतूट खाते:
झाकणं सतरा.
टाक्या तीन.
एलायझा ग्रिंडी, झिलईखाना, शिशाची बाधा, आईस दोन पौंड.
बेसिनं नऊ.
अर्नेस्ट फोर्डन, वय चौदा, एक पौंड.
तीच शाई, तोच तिरपा हात,
खाली दोन रेघा.
मी बेरीज दोनदा तपासली.
बरोबर होती.

चार वाजता मिस ऑड्री आल्या, काठी टेकत.
सन्स संपून चाळीस वर्षं झाली. पाटी तशीच.
त्यांना बोर्डावर घेतलं होतं
ते पाहुण्यांच्या टेबलावरची फुलं निवडायला.
त्यांनीच चहा आणला, दोन मग.
माझा रिकामा होताच उलटा करून बूड पाहिलं,
इथल्या सगळ्यांना ती खोड आहे.
'चीनचा,' म्हणाल्या, कुणाच्या आजाराचं सांगावं तसं.
मग, तुम्ही कुठल्या?
साताऱ्याकडची.
आमचा माल गेला होता का हो तिथे?

कोरेगावचा सरकारी दवाखाना, बायकांचा वॉर्ड.
आईला सलाइन लावलेलं, मी पाच वर्षांची,
भिंतीवर बेसिन, त्यात निळी अक्षरं.
ओल्या बोटानं गिरवायची मी ती, एकेक,
माझं पहिलं इंग्रजी तेच.
वाटायचं, डॉक्टरांच्या देवाचं नाव असेल.
आई घरी आली नाही. अक्षरं पाठ झाली.

'हो, गेला होता,' एवढंच म्हटलं.
त्यांचा चेहरा असा उजळला
की मीच खाली पाहिलं.

निघताना हात धुवायला गेले.
तीच निळी अक्षरं, पाणी सावकाश उतरणारं.
हात धुवून घ्यावेत तर असे,
असं कुणाकुणाबद्दल म्हणायचे आमचे मामा,
आणि मी आपली साबण शोधत होते.
चार हजार सहा साबणदाण्या,
साबण नाही.

रात्री हॉटेलात फॉर्म भरला.
एलायझा कुठे धरायची? रकाना नाही.
मालमत्तेत धरून झाली होती एकदा.
म्हणून देण्यांत लिहिली, खाली अर्नेस्ट,
रकमेची जागा कोरी.
सोमवारी साहेब खोडतील.
खोडू देत.
पेन्सिलीनं लिहिलेलं नाही.